चिनी मातीचे सहा दात

केळ्यामुळे दात तुटलेला खानदेशातला मी एकमेव माणूस आहे.

बारा वर्षांचा असताना यावलला मामाच्या मळ्यात गेलो होतो. गडी केळीचे घड उतरवत होते, मी नको तिथे मध्ये उभा होतो, आणि एका घडाचा दांडा गर्रकन फिरून थेट माझ्या तोंडावर आला. वरचा, अगदी मधला दात तिरका अर्धा गेला. (मामाने धावत येऊन आधी घड तपासला. घडाला काही झालं नव्हतं.) तेव्हापासून मी तोंड मिटून हसतो. आमच्या लग्नाचा अल्बम पाहिला, तर मुलीकडच्यांनी मला कुठून तरी धरून आणलंय असंच वाटतं. जळगावच्या शाळेत मी गणित शिकवतो. तिथे पोरांनी माझं नाव 'कुलूप सर' ठेवलंय, हेही मला ठाऊक आहे.

तर, मागच्या हिवाळ्यात आमच्या रेणूचं धुळ्याच्या निखिलशी जमलं. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जमून सुपारी फोडतात. सुपारी फुटली म्हणजे शब्द दिला, मग मागे फिरणं नाही. सुपारीची तारीख निघाली त्या दिवशी रेणू माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, मला दागिने नकोत. मोठा हॉलही नको."

"मग?"

"सुपारीच्या फोटोत तुम्ही दात दाखवून हसायचं. माझ्याजवळ तुमचा हसतानाचा एकही फोटो नाहीये."

मुलगी दागिने नको म्हणते, तेव्हाच बापाने सावध व्हायला हवं. पण मी हो म्हणून बसलो.

दातांच्या डॉक्टरीणबाई तरुण आणि फार गोड बोलणाऱ्या होत्या. "काका, वरच्या पुढच्या सहा दातांवर पोर्सिलेनचे व्हिनिअर बसवू. दात तुमचेच. त्यावर नखासारखा पातळ पापुद्रा चिकटवायचा, बस!" दोन-तीन खेपा झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी हातात आरसा दिला, तर आरशात एक अनोळखी, प्रसन्न गृहस्थ माझा शर्ट घालून बसले होते! मला भरूनच आलं. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा शांत क्षण. कारण पुढच्याच मिनिटाला आमच्या मंदाने, म्हणजे सौभाग्यवतींनी, पर्समधून वही काढली.

"काळजी काय काय घ्यायची, सांगा."

"पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. कडक असेल ते मागच्या दाढांनी. ब्रश मऊ. खरखरीत मंजन नाही. दातांनी पुड्या फाडायच्या नाहीत, नखं कुरतडायची नाहीत. चहा-कॉफी जरा बेताने. आणि झोपताना हे गार्ड घालायचं, म्हणजे झोपेत दात एकमेकांवर घासणार नाहीत."

"ऊस?"

"नाही."

"सुपारी?"

"काकू, सुपारी तर अजिबातच नाही!"

डॉक्टरीणबाईंनी आठ गोष्टी सांगितल्या, घरी येईपर्यंत मंदाच्या वहीत त्या एकवीस झाल्या होत्या. शेंगदाणे नाहीत. हळदीचं काही नाही. शेवभाजी नाही. (जळगावात राहून शेवभाजी नाही! यापेक्षा डॉक्टरांनी जबडाच काढून घेतला असता तर बरं.) जोरात बोलायचं नाही, कारण 'हादरा बसतो'. तो कागद फ्रिजवर चिकटला. मी फ्रिजपाशी गेलो तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, बारावा नियम!"

पण मंदा परवडली, असं वाटायला लावणारी व्यक्ती घरात अजून होती. माझी आई. आम्ही तिला अक्का म्हणतो. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे, आणि मत प्रत्येक गोष्टीवर.

"कशाचे दात म्हणतो हे?"

"पोर्सिलेन, अक्का. म्हणजे चिनी माती."

इथे माझी चूक झाली. अक्काचे डोळे चमकले.

"चिनी मातीचं मले नको शिकवू. साठ वर्षं लोणचं घालून राह्यले. माही एक बरणी फुटली नाही आजपोत्तर!"

त्या क्षणापासून अक्काने मला बरणी म्हणून ताब्यात घेतलं. तिच्या बरण्यांचे नियम साऱ्या गल्लीला पाठ आहेत. बरणीत गरम घालायचं नाही, तडा जातो. म्हणून माझा चहा गार होईपर्यंत ती कपावर हात ठेवून बसायची. बरणीत ओला चमचा घालायचा नाही. म्हणून माझा चमचा ती पदराने तीनदा पुसून द्यायची. नवीन बरणी उन्हात ठेवायची. म्हणून सकाळी आठला मी ओट्यावर पूर्वेकडे तोंड करून, तोंड उघडून बसलेला असायचो. शाळेतली पोरं रस्त्याने जाताना सायकली हळू करायची. शेजारचे रफीकभाई थांबले. त्यांचं आरसे आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे.

"सर, काय चाललंय?"

"आँ," मी म्हणालो. तोंड मिटायला बंदी होती.

अक्कानेच सगळं समजावून सांगितलं. रफीकभाईंनी वाकून कारागिराच्या नजरेने आत पाहिलं. "काम साफ आहे," ते म्हणाले. "सर, एकच सांगतो, चिकटवलेल्या मालाला धक्का नको. आमच्या आरशाचं पण असंच असतं." म्हणजे आता मी बरणीही होतो आणि आरसाही.

चौथ्या दिवशी अक्का निखारा घेऊन आली. नवीन बरणीला लोणचं भरण्याआधी हिंगाची धुरी देतात, म्हणजे आतला माल टिकतो.

"अक्का, मी बरणी नाहीये!"

"बरणी उपडी धरता येते, तुले कोन उपडं धरील? वाक जरा. आ कर."

आईपुढे कोणाचं चाललंय! मी वाकलो. तिने निखाऱ्यावर हिंग टाकला. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी अंगणात दोन्ही हातांनी वरचे दात दाबून धरून खोकत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मागून मंदा "हादरा! हादरा!" म्हणून ओरडत होती, आणि अक्का चिडून म्हणत होती, "अर्धीच झाली धुरी! अर्धवट धुरीचं काही टिकत नाही, मंग मले सांगू नको!"

सुपारीला आठ दिवस उरले असताना धुळ्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमचे होणारे व्याही. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पण आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत जातो. "जेवाले या बठ्ठा जन!" असं सगळ्यांनाच बोलावणं. आम्ही गेलो. निघताना मंदाने बजावलं, "दातांचं तिथे काही बोलायचं नाही. सुपारी फुटू दे आधी. नाहीतर म्हणतील, बापाचे दात खोटे, अजून काय काय खोटं असेल!"

ताटं वाढली. मधोमध शेवभाजी. लालभडक, वर बोटभर तर्री, वास असा की माझे खरे दातसुद्धा आतून हलले. मी मंदाकडे पाहिलं. तिने पापणीनेच नियम क्रमांक सांगितला.

"ल्या ना व्याही, लाजू नका! आपलंच घर शे!"

"नको... पोट जरा..." मी ओठ जमतील तेवढे कमी उघडून म्हणालो.

"मंग कळणानी भाकर तरी?"

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी त्या घरी चांगली खरपूस, कडक भाजतात. मी मान हलवली. शेवटी मी दहीभात खाल्ला. व्याह्यांच्या घरी, पहिल्या जेवणाला, दहीभात! जेवणानंतर नानांनी एसटीतले एकेक किस्से सांगितले. घर हसून लोळत होतं. मलाही हसू आवरत नव्हतं, पण बेचाळीस वर्षांची सवय आणि मंदाची नजर. मी ओठ घट्ट मिटून नुसता खांदे हलवत राहिलो. नानांचा चेहरा हळूहळू उतरला. आमच्याकडे व्याह्याच्या ताटातल्या भाजीला नाही म्हणणं, म्हणजे त्याच्या पोराला नाही म्हणण्यासारखं आहे. हे मला कळत होतं. पण पोर्सिलेनला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेणू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"पप्पा, तुम्हाला निखिल पसंत नाही का?"

"कोण म्हणतं?"

"नाना म्हणाले, 'माले वाटस, व्याहीले हाई सोयरीक पसंत नही. जेवले नही, बोलले नही, हसले बी नही.' निखिलचा फोन होता. नाना म्हणतात, मुलीच्या बापाच्या मनात नसेल तर सुपारी पुढे ढकलू."

जिच्या फोटोसाठी दात बसवले, तिचंच लग्न त्या दातांनी मोडायला निघालं होतं! मी म्हणालो, "थांब, मी नानांना सगळं सांगतो." मंदा मध्ये पडली. "आता सांगाल तर म्हणतील, इतके दिवस का लपवलं? काही सांगू नका. मी विहीणबाईंशी बोलते, तारीख तीच ठेवू. तुम्ही फक्त त्या दिवशी हसा. सकाळपासून हसा!"

मग मी सराव सुरू केला. आरशासमोर केला, ओट्यावर केला. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना एकदा पूर्ण हसून पाहिलं, तर पहिल्या बाकावरची पोरगी घाबरून म्हणाली, "सर, मी वही आणली नाही, चुकलं माझं."

सुपारीचा दिवस उजाडला. आमच्याच कॉलनीच्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम. मी सकाळी नऊपासून हसत होतो. पाहुणे आले, हसलो. कोणीतरी आजारपण सांगितलं, तरी हसलो. जबडा दुखायला लागला. नाना माझ्याकडे संशयानेच पाहत होते. शेजारच्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं (त्यांचं हळू, म्हणजे हॉलभर ऐकू आलं), "त्या दिन हसनात नही, आज थांबतस नही. काय व्हयनं यासले?"

ब्राह्मणाने मंत्र म्हटले, नारळ-ओटी झाली आणि पाट्यावर सुपारी ठेवली. नानांनी बत्ता उचलला. ठक्! एका घावात सुपारी फुटली. टाळ्या पडल्या. खांडं गोळा करून खोबऱ्याच्या कापांबरोबर ताटलीत ठेवली. आणि नानांनी त्यातलं एक जाडजूड खांड उचलून माझ्या तोंडासमोर धरलं. व्याह्यांनी एकमेकांना सुपारी भरवायची, ही रीत मला ठाऊक होती. दातांच्या नादात साफ विसरलो होतो!

मी ओठ मिटले.

समोर मंदा मान 'नाही, नाही' अशी हलवत होती. बाजूला फोटोग्राफर टपून बसला होता. नानांचा हात तसाच हवेत.

"तोंड उघडा, व्याही," नाना म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "का आजून राग शे?"

मी रेणूकडे पाहिलं. खड्ड्यात गेले दात, असं मनाशी म्हटलं आणि मी तोंड उघडलं.

बेत असा होता, की सुपारी जिभेने अलगद मागच्या दाढेकडे सरकवायची, नियम क्रमांक दोन. पण नानांनी जन्मभर तिकिटं पंच केलेली! त्यांनी ते खांड बरोबर पुढच्या दातांत ठेवलं आणि प्रेमाने माझी हनुवटी खालून वर दाबली.

कट्.

दुखलं काही नाही. फक्त जीभ म्हणाली, मधला दात पुन्हा अर्धाच आहे. मी खोकल्याचं निमित्त करून ताटलीवर वाकलो, तोंडातलं सगळं रुमालात घ्यायला गेलो, आणि ते पांढरं टिकलीएवढं काहीतरी रुमाल चुकवून ताटलीत पडलं. खोबऱ्याच्या पांढऱ्या कापांत!

"आते तुम्ही माले भरावा!" नाना खुशीत येऊन म्हणाले.

ताटलीकडे मी डोळे फाडून पाहिलं. सगळंच पांढरं. मागे लोक, समोर फोटोग्राफर, तोंड उघडायची सोय नाही. त्यातली चिमूट उचलली आणि नानांच्या तोंडात घातली. दोनदा चावून नाना थांबले.

"खोबरं भलतं कडक शे हो!"

त्यांनी ते तळहातावर काढलं. गोरापान, चकचकीत, नखाएवढा दात. नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा हात झटकन स्वतःच्या तोंडाकडे गेला, आत काहीतरी चाचपलं, मग त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नंतर तो तळहात उंच धरून, शेवटच्या सीटपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"हाऊ दात कोना शे?"

हॉलमधल्या प्रत्येक माणसाची जीभ तोंडातल्या तोंडात फिरली. गाल इकडून तिकडे हलले. एका आजोबांनी तर बोटाने मोजले. रफीकभाईंनी लांबूनच माल ओळखला आणि सभ्यपणे छताकडे पाहायला लागले. मी ओठ शिवल्यासारखे मिटून उभा. आणि तेवढ्यात खुर्चीवरून अक्काचा आवाज आला.

"अरे, तो आमच्या अरुणचा! धुरी अर्धीच दिली होती, मी तवाच सांगितलं होतं!"

झालं. सहा दातांची, बरणीची, निखाऱ्याची सगळी कथा अक्काने भर हॉलमध्ये सांगितली. मंदाने पदरात तोंड लपवलं. नानांनी मला विचारलं, "मंग त्या दिन शेवभाजी का बरं खादी नही?"

"दात नवीन होते नाना," मी म्हणालो. तोंडातून वाराच जास्त येत होता. "राग नव्हता हो. निखिलसारखा जावई... मला फार पसंत आहे. पोरीसाठी दात बसवले होते, फोटोत हसायला."

नानांनी दोन बोटं तोंडात घातली, आणि वरचा अख्खा जबडा काढून हातावर ठेवला.

"मना तर बठ्ठाच सेट शे!"

"अहो, पहिले घाला ते तोंडमा!" विहीणबाई ओरडल्या. "सुपारी व्हस्तोवर काढू नका सांगेल होतं ना तुम्हले!"

मंदाने पदर खाली केला. दोघी विहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि मी हसलो. बेचाळीस वर्षांचं साठलेलं, पोट धरून, मान मागे टाकून, तोंड जेवढं उघडतं तेवढं उघडून! रेणू येऊन बिलगली आणि त्याच वेळी फोटोग्राफरने बटण दाबलं.

कुंकवाच्या डबीत ठेवून तो व्हिनिअर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिला. "काका, नशीब म्हणायचं, कुठे टवकासुद्धा उडाला नाही. परत चिकटवता येईल. पडला कुठे होता?"

"व्याह्यांच्या तोंडात."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

आता सहाही दात शाबूत आहेत. फ्रिजवरच्या कागदावर बाविसावा नियम आलाय, 'नानांच्या हातून काहीही खायचं नाही.' त्यामुळे लग्नाच्या चारशे फोटोंत मी पुन्हा ओठ मिटून उभा आहे, आणि तेवढे महागाचे दात त्यातल्या एकाही फोटोत नाहीत. रेणूने मोठा करून घेतला तो सुपारीचाच फोटो. रफीकभाईंनी त्याच्या दोन सुंदर फ्रेम करून दिल्या, एक धुळ्याला, एक आमच्या बैठकीत. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यासमोर थांबतो, कौतुकाने बघतो आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो,

"सर, काय मोकळं हसलाय हो! फक्त तो पुढचा तुटका दात तेवढा बसवून घ्या. हल्ली चिनी मातीचे फार छान मिळतात."